तिरक्या आरशातला त्रिकोण

उत्तरपत्रिका तपासताना शिक्षकाचा हात सहसा अडत नाही. उत्तर बरोबर असले तर खूण, चूक असले तर फुली, आणि पान उलटायचे. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्ष कला वर्गाच्या सत्र परीक्षेत निर्देशक भूमितीचा एक प्रश्न होता : अ (४, १), ब (७, २) आणि क (५, ५) हे शिरोबिंदू असलेल्या त्रिकोणाचे य = २क्ष या रेषेतील प्रतिबिंब काढा. बहुतेकांनी निर्देशकांची अदलाबदल करून (१, ४), (२, ७), (५, ५) असे लिहिले होते. मी फुल्या मारीत गेलो. एका विद्यार्थिनीने मात्र (०.५, ८), (१, १४), (२.५, १०) असे काही निराळेच लिहिले होते. तेथेही मी फुलीच मारली, शून्य गुण दिले आणि पान उलटले.

उत्तरपत्रिका परत दिल्यावर ती मुलगी प्राध्यापक-कक्षात आली. तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. ती म्हणाली, "सर, मी माझं उत्तर पडताळून पाहिलं. अ आणि त्याचं प्रतिबिंब यांचा मध्यबिंदू रेषेवर येतो. ब आणि क यांचंही तसंच. रेषेवरचाच बिंदू घेतला तर तो जागचा हलत नाही. प्रतिबिंबाचं पुन्हा प्रतिबिंब घेतलं तर मूळ बिंदू मिळतो. त्रिकोणाचं क्षेत्रफळसुद्धा साडेपाचच येतं. मग चुकलं कुठं?"

उत्तर चूक आहे हे मला पक्के ठाऊक होते. पण ते का चूक आहे हे त्या क्षणी मला सांगता आले नाही. "उद्या ये," असे म्हणून मी तिची बोळवण केली. दुसऱ्या दिवशी तिला जे सांगितले ते तास सुरू होण्यापूर्वीच्या घाईत सांगितले. येथे ते सावकाश मांडतो. गणित हा विषय न घेतलेल्यांनीही वाचावे अशी विनंती आहे. शाळेत शिकलेल्या भूमितीहून अधिक काही लागणार नाही. मात्र एक आलेखकागद, पेन्सिल आणि टाचणी जवळ असू द्यावी.

प्रथम सोपी रेषा घेऊ. आलेखकागदावर दोन्ही अक्ष काढा, दोहोंवर एक सेंटिमीटर म्हणजे एक एकक धरा आणि वरील त्रिकोण अबक रेखाटा. मग आरंभबिंदूतून जाणारी, दोन्ही अक्षांशी ४५ अंशांचा कोन करणारी य = क्ष ही रेषा काढा. आता या रेषेवर कागदाची घडी घाला आणि अ, ब, क या बिंदूंवर टाचणी टोचा. घडी उलगडली की पलीकडच्या बाजूस तीन भोके दिसतील : (१, ४), (२, ७) आणि (५, ५). क हा बिंदू मुळात रेषेवरच होता, म्हणून त्याचे भोक त्याच्यावरच पडले. उरलेल्या दोघांचे आकडे उलटे झाले.

पाठ्यपुस्तकातला नियम तो हाच. य = क्ष या रेषेत परावर्तन करायचे तर निर्देशकांची अदलाबदल करावी. नियम इतका सुटसुटीत आहे की तो सांगताना आपण काही सिद्ध करायचे राहून गेलो याचे भानच राहत नाही. मीही त्या वर्षी वर्गात तो असाच सांगितला. कोणी तरी मागच्या बाकावरून विचारलेही होते, "सर, सगळ्याच तिरक्या रेषांना?" मी म्हणालो, "परीक्षेला एवढंच येतं." प्रश्नपत्रिका काढण्याचे काम त्या सत्रात दुसऱ्या प्राध्यापकांकडे होते, आणि परीक्षेला तेवढेच आले नाही.

मग हा नियम खरा का? आरसा म्हणजे काय, येथून सुरुवात करावी लागते. बिंदू आणि त्याचे प्रतिबिंब यांना जोडणारा रेषाखंड आरशाच्या रेषेने बरोबर मध्ये दुभागला पाहिजे, आणि तो रेषाखंड आरशाला लंब असला पाहिजे. अटी दोन आहेत, एक नव्हे. दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात : आरशाची रेषा ही त्या रेषाखंडाची लंबदुभाजक आहे. आणि लंबदुभाजकाचा गुण आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू रेषाखंडाच्या दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असतो.

आता कोणताही बिंदू (ग, घ) घ्या आणि त्याचा उलटा बिंदू (घ, ग) घ्या. य = क्ष या रेषेवरचा कोणताही बिंदू (ट, ट) असा असतो. पहिल्या बिंदूपासून त्याच्या अंतराचा वर्ग (ग − ट)² + (घ − ट)² इतका. दुसऱ्या बिंदूपासून (घ − ट)² + (ग − ट)² इतका. बेरजेतल्या पदांची जागा बदलली, बेरीज बदलली नाही. म्हणजे रेषेवरचा प्रत्येक बिंदू दोहोंपासून समदूर आहे, म्हणून ती रेषा दोहोंची लंबदुभाजक आहे, म्हणून (घ, ग) हे (ग, घ) चे प्रतिबिंब आहे. सिद्धता एवढीच. वर्गात ती सांगायला दोन मिनिटे लागली असती.

त्रिकोणाच्या बाजूंचेही असेच. अ पासून ब पर्यंत जाताना आडवे ३ आणि उभे १ असे चालावे लागते, अंतर √१०. प्रतिबिंबात आडवे १ आणि उभे ३. अंतर पुन्हा √१०. बक ची लांबी √१३ आणि अक ची √१७, त्याही तशाच राहतात. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंना भुज आणि कोटि अशी नावे दिली आहेत. तेथे त्यांनी हेही म्हटले आहे की, हवी ती बाजू भुज मानावी, तिच्या आडव्या दिशेतली ती कोटि. कोणाला काय म्हणावे हे आपल्या इच्छेवर आहे, कारण कर्णाला त्याने काही फरक पडत नाही. निर्देशकांची अदलाबदल म्हणजे तरी दुसरे काय? भुज कोटि झाला, कोटि भुज झाली, कर्ण होता तेवढाच राहिला. तिन्ही बाजू होत्या तशाच राहिल्या, म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप.

येथपर्यंत अदलाबदलीचे राज्य निर्वेध आहे. आता रेषा थोडी सरकवू. य = क्ष + २ ही रेषा पूर्वीच्या रेषेला समांतर, फक्त दोन एकके वर. अ (४, १) चे प्रतिबिंब आता (−१, ६) येते. मध्यबिंदू (१.५, ३.५) पाहा, त्याचा य-निर्देशक क्ष-निर्देशकापेक्षा दोनने मोठा आहे, म्हणजे तो रेषेवर आहे. जोडरेषेचा चढ −१, आरशाचा चढ १, गुणाकार −१, म्हणजे लंब. दोन्ही अटी पूर्ण. ब चे प्रतिबिंब (०, ९) आणि क चे (३, ७). क आता रेषेवर नाही, म्हणून त्यालाही जागा सोडावी लागली.

हे आकडे कसे आले हे त्या विद्यार्थिनीने बारकाईने पाहिले होते. नवा य म्हणजे जुना क्ष अधिक दोन. नवा क्ष म्हणजे जुना य उणे दोन. ही तर रेषेच्या समीकरणातच लिहिलेली गोष्ट! य = क्ष + २ असेल तर क्ष = य − २. समीकरणात क्ष घातला की नवा य मिळतो, य घातला की नवा क्ष मिळतो. य = क्ष ला हेच लावले तर साधी अदलाबदल होते. य = −क्ष ला लावले तर (४, १) चे (−१, −४) होते, आणि तेही बरोबर आहे. तीन रेषा, तीनही ठिकाणी नियम खरा. मी वर्गात जे सांगितले होते त्यापेक्षा तिचा नियम कितीतरी व्यापक होता आणि तो तिने स्वतः शोधला होता. मग य = २क्ष आले. येथे क्ष = य/२. म्हणून (४, १) चा नवा क्ष ०.५ आणि नवा य ८. तिचे उत्तर असे तयार झाले. ज्यांनी नुसतीच अदलाबदल केली त्यांनी रेषेकडे पाहिलेही नव्हते. हिने पाहिले होते.

आता तिच्या पडताळण्या आपण करून पाहू. (४, १) आणि (०.५, ८) यांचा मध्यबिंदू (२.२५, ४.५). साडेचार म्हणजे सव्वादोनची दुप्पट, तेव्हा तो रेषेवर आहे. (३, ६) हा रेषेवरचा बिंदू नियमात घातला तर (३, ६) च मिळतो. (०.५, ८) पुन्हा नियमात घातला तर (४, १) परत येतो. आणि क्षेत्रफळ? मूळ त्रिकोणात अ पासून ब कडे (३, १) आणि अ पासून क कडे (१, ४) असे फरक आहेत; ३ × ४ − १ × १ = ११, त्याचे निम्मे ५.५. तिच्या त्रिकोणात हे फरक (०.५, ६) आणि (२, २) आहेत, ०.५ × २ − ६ × २ = −११, त्याचे निम्मे, चिन्ह सोडून, ५.५. तिचे एकही वाक्य खोटे नव्हते.

परंतु बाजू मोजा. मूळ अब √१०, म्हणजे सुमारे ३.१६. तिच्या त्रिकोणातील तीच बाजू √(०.२५ + ३६), म्हणजे सहाहून थोडी अधिक. आरशात पाहिले आणि माणूस जवळजवळ दुप्पट उंच दिसला तर तो आरसा जत्रेतला म्हणायचा. आणखी एक गोष्ट मोजा. (४, १) आणि (०.५, ८) यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ −२ आहे. आरशाचा चढ २. गुणाकार −४. लंब असायला तो −१ हवा. दोन अटींपैकी दुसरी अट मोडली आहे, आणि तिच्या चारही पडताळण्यांत नेमकी ती एकच अट कोठे तपासली गेलेली नाही. मध्यबिंदू रेषेवर आहे एवढे पाहिले. तो रेषाखंड रेषेला कसा छेदतो हे पाहिले नाही. पाहावे असे तिला वाटले नाही, कारण आधीच्या तिन्ही उदाहरणांत ते आपोआप जमून येत होते.

बरोबर उत्तर काढण्यासाठी दोन्ही अटी लिहून काढणे हाच सरळ मार्ग. अ चे प्रतिबिंब (च, छ) माना. मध्यबिंदू य = २क्ष वर हवा, म्हणून १ + छ = २(४ + च), म्हणजेच छ = ७ + २च. जोडरेषा लंब हवी, म्हणून तिचा चढ −१/२, म्हणजे २(छ − १) = −(च − ४), म्हणजेच च = ६ − २छ. दोन समीकरणे, दोन अज्ञाते. पहिल्यात दुसरे घातले की ५छ = १९, छ = ३.८ आणि च = −१.६. प्रतिबिंब (−१.६, ३.८). याच रीतीने ब चे (−२.६, ६.८) आणि क चे (१, ७) येते. बाजूंचे वर्ग करून पाहा. १०, १३ आणि १७ च येतील. टाचणी टोचून पाहिले तर भोकेही तेथेच पडतील, घडी नीट घातली असेल तर.

हेच कोणत्याही चढासाठी एकदाच करून ठेवता येते. आरसा य = म क्ष असेल आणि बिंदू (ग, घ) असेल तर प्रतिबिंबाचे निर्देशक असे येतात :

नवा क्ष = [ (१ − म²) ग + २म घ ] ÷ (१ + म²)

नवा य = [ २म ग − (१ − म²) घ ] ÷ (१ + म²)

सूत्र पाठ करण्यासारखे नाही, पण पाहण्यासारखे आहे. त्यातील १ − म² या पदाकडे पाहा. म ची किंमत १ किंवा −१ असली की हे पद शून्य होते आणि नव्या क्ष मध्ये फक्त जुना घ उरतो, नव्या य मध्ये फक्त जुना ग. अदलाबदल होते ती या दोनच चढांना. शून्य सोडून इतर प्रत्येक चढाला नवा क्ष हा जुन्या दोहोंचे मिश्रण असतो. २ साठी तो (−३ग + ४घ)/५ आहे. त्यातला −३ग हा भाग ना अदलाबदल करणाऱ्यांच्या उत्तरात आहे, ना त्या विद्यार्थिनीच्या. वर्गात आपण ज्या तिरक्या रेषा घेतो त्या सोयीसाठी नेमक्या ४५ अंशांच्या घेतो, आणि त्या सोयीतच सूत्राचा अर्धा भाग लपून जातो.

येथे थांबता आले असते. पण मला त्या रात्री आणखी एक प्रश्न छळत होता. तिचे उत्तर चूक असेल, पण ते इतके नीटनेटके चूक कसे? मध्यबिंदू बरोबर, क्षेत्रफळ बरोबर, दोनदा केले की मूळ जागी परत. असे गुण असलेली गोष्ट निव्वळ योगायोगाने तयार होत नाही. ते कशाचे तरी बरोबर उत्तर असलेच पाहिजे.

ते कशाचे उत्तर आहे हे मला अर्थशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकातील आलेख पाहताना उमगले. त्यात आडव्या अक्षावर नग होते, उभ्या अक्षावर रुपये, आणि दोन्ही अक्षांची मापे निरनिराळी होती. असे आपण नेहमीच करतो. नाही तर आलेख कागदावर मावणार नाही. समजा आडव्या अक्षावर एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर आणि उभ्या अक्षावर एक एकक म्हणजे दोन सेंटिमीटर. आता या कागदावर आकड्यांची य = क्ष ही रेषा काढा. डोळ्यांना ती कशी दिसेल? एक सेंटिमीटर आडवे गेले की दोन सेंटिमीटर वर, म्हणजे पट्टीने मोजली तर ती य = २क्ष सारखी. या कागदावर चार सेंटिमीटर आडवा आणि एक सेंटिमीटर उभा असा बिंदू घ्या. त्याचे आकडे होतील (४, ०.५). आकड्यांची अदलाबदल करा : (०.५, ४). तो बिंदू कागदावर कोठे पडेल? अर्धा सेंटिमीटर आडवा आणि आठ सेंटिमीटर उभा. (०.५, ८)!

म्हणजे तिचा नियम हा दुसरे काही नसून ताणलेल्या कागदावरची अदलाबदल होती. रबराच्या पातळ पत्र्यावर य = क्ष चा आरसा आणि दोन त्रिकोण काढावेत, आणि मग तो पत्रा उभ्या दिशेने दुप्पट ताणावा, तसे ते चित्र होते. ताणल्याने मध्यबिंदू मध्यबिंदूच राहतात, म्हणून पहिली अट टिकली. ताणल्याने सर्वच क्षेत्रफळे सारख्याच पटीत वाढतात, म्हणून दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे एकमेकांशी सारखीच राहिली. पण ताणल्याने काटकोन मात्र काटकोन राहत नाहीत. जे टिकले ते सर्व तिने तपासले, आणि जे टिकत नाही तेवढे राहिले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. किमतीवर मागणी अवलंबून असते असे आपण म्हणतो, म्हणजे गणिताच्या रिवाजाप्रमाणे किंमत आडव्या अक्षावर यायला हवी. पण आल्फ्रेड मार्शलच्या १८९० मधील ग्रंथाने किंमत उभ्या अक्षावर ठेवण्याची पद्धत रूढ केली आणि ती तशीच चालू राहिली. त्यामुळे सूत्रावरून मागणीवक्र काढताना प्रत्येक वेळी अक्षांची अदलाबदल करावी लागते. ही अदलाबदल म्हणजे आरशातले प्रतिबिंब, असे काही विद्यार्थी लिहितात. आकडे आणि अक्षांवरची मापे दोन्ही बदलली तर ते खरे आहे. पण मापे जागच्या जागी ठेवून नुसते आकडे बदलले तर कागदाची घडी घालून ते चित्र जुळणार नाही. त्याहून मूलभूत गोष्ट अशी की, एका बाजूला क्विंटल आणि दुसऱ्या बाजूला रुपये असतील तर 'लंब' या शब्दाला तेथे अर्थच उरत नाही. तीन क्विंटल आणि चार रुपये यांचा कर्ण किती? पाच काय? अशा आलेखात अदलाबदलीला अर्थ आहे, मध्यबिंदूला अर्थ आहे, आरशाला नाही.

जाता जाता एक गंमत. अदलाबदलीचा नियम खरा ठरण्यासाठी अक्ष काटकोनात असावे लागतात असे आपल्याला वाटते. तसे नाही. अक्षांमधला कोन ६० अंशांचा करा; दोन्हींवरची एकके सारखी ठेवली तर अदलाबदल म्हणजे अक्षांमधल्या कोनाच्या दुभाजकातले खरेखुरे परावर्तनच राहते. रेने देकार्तच्या १६३७ मधील 'भूमिती'त आजच्यासारखे दोन ठरलेले काटकोनी अक्ष नव्हतेच. प्रश्नाच्या सोयीप्रमाणे तो तिरपा कोनही चालवून घेई. बिघाड होतो तो कोनाने नव्हे, मापांच्या विषमतेने.

क्षेत्रफळाच्या हिशेबात आपण एक उणे चिन्ह गुपचूप सोडून दिले होते. त्याच्याकडे परत जाऊ. मूळ त्रिकोणात +११ आले, तिच्या त्रिकोणात −११. य = क्ष मधील प्रतिबिंबातही (१, ३) आणि (४, १) हे फरक घेतले तर −११ येते; य = २क्ष मधील खऱ्या प्रतिबिंबातही −११. हे चिन्ह सांगते की मूळ त्रिकोणात अ, ब, क या क्रमाने फिरताना आपण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातो आणि प्रतिबिंबात काट्यांच्या दिशेने. त्रिकोण एकरूप आहेत, बाजू तंतोतंत सारख्या आहेत. तरी मूळ त्रिकोण पुठ्ठ्याचा कापून तो कागदावरून कितीही सरकवला, कितीही फिरवला, तरी प्रतिबिंबावर बसणार नाही. तो उचलून पालथा करावा लागेल.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे इमॅन्युएल कांटची आठवण व्हावी. १७६८ मधील एका निबंधात त्याने हाच प्रश्न उजव्या आणि डाव्या हाताविषयी उपस्थित केला. दोन्ही हातांची मापे सारखी, भागांचा आपसांतला संबंध सारखा, तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मग फरक आहे कशात? भागांच्या वर्णनात तो सापडत नाही, म्हणून तो हात ज्या अवकाशात आहे त्या अवकाशाशी निगडित असला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे १८२७ मध्ये मोबियस या गणितज्ञाने दाखविले की, पुठ्ठ्याचा त्रिकोण पालथा करायला जशी कागदाबाहेरची तिसरी मिती लागते, तशी घन आकृती तिच्या प्रतिबिंबावर बसवायला चौथी मिती लागेल. आपल्या आलेखकागदावर हा सारा वाद एका उणे चिन्हात मावतो. त्या चिन्हाने कांटचे समाधान झाले असते की नाही, हे तत्त्वज्ञान विभागातील मंडळींनी ठरवावे.

त्या विद्यार्थिनीच्या शून्याचे मी तीन गुण केले. प्रश्न पाच गुणांचा होता. चार द्यायला हवे होते असे आता वाटते.

शेवटी वाचकांसाठी थोडे काम. दोन आरसे घ्या, य = क्ष आणि य = २क्ष, दोन्ही आरंभबिंदूत मिळणारे. मूळ त्रिकोणाचे पहिल्या आरशात प्रतिबिंब घ्या आणि त्या प्रतिबिंबाचे दुसऱ्या आरशात. अ (४, १) प्रथम (१, ४) होतो आणि मग (२.६, ३.२). ब (७, २) प्रथम (२, ७) आणि मग (४.४, ५.८). क चे तुम्ही काढा. आता चिन्ह पुन्हा अधिक झालेले दिसेल, कारण दोनदा पालथा केलेला पुठ्ठा सुलटाच होतो. म्हणजे हा तिसरा त्रिकोण कागदावरून न उचलता मूळ त्रिकोणावरून मिळाला पाहिजे. तो आरंभबिंदूभोवती फिरवून मिळतो. किती अंशांतून फिरवावा लागतो ते कोनमापकाने मोजा, दोन आरशांमधला कोनही मोजा, आणि दोन्ही कोनांची तुलना करा. पहिल्या कोनाची कोज्या ०.८ आणि ज्या ०.६ यायला हवी. मग आरशांचा क्रम उलटा करून, आधी य = २क्ष आणि नंतर य = क्ष, हेच पुन्हा करून पाहा.